बोंडाच्या आतील दुसरी लांबी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिव्हरपूलच्या कापूसबाजारात ‘ऊमरा’ या नावाने ज्या मालाचे सौदे होत, त्याला ते नाव अमरावती शहरावरून पडलेले होते. आणि हे नाव इतक्या दूरवर जाऊन रूढ झाले यामागे राजकारण, युद्ध, लोहमार्ग आणि काळी जमीन या चारही गोष्टींचा हात होता. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली आला, 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची चणचण भासू लागली, 1867 मध्ये लोहमार्ग नागपुरापर्यंत पोचला, 1870 मध्ये खामगावची शाखा सुरू झाली, आणि या सर्व घडामोडींच्या मधोमध रिव्हेट-कार्नाक नावाचा एक ‘कॉटन कमिशनर’ नेमण्यात येऊन वऱ्हाड व मध्यप्रांतातील कापसाची प्रत कशी सुधारावी याविषयीचे अहवाल सरकारदरबारी रुजू होऊ लागले. पुढे 1886 मध्ये कारंजा येथे नियंत्रित बाजारपेठ स्थापन झाली आणि 1897 मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदाच अंमलात आला. आज देशभर ज्या कृषी उत्पन्न बाजार समित्या दिसतात, त्यांच्या इतिहासाचे पहिले पान असे आपल्या वऱ्हाडात लिहिले गेले आहे.

या साऱ्या दस्तऐवजांत, कायद्यांत आणि सौद्यांत एक प्रश्न मात्र अखंडपणे विचारला जात राहिला, तो म्हणजे तंतू किती लांब आहे हा. त्या काळी वऱ्हाडात ‘बनी’ आणि ‘जरी’ अशा कापसाच्या दोन मुख्य जाती पेरल्या जात. त्यांपैकी बनी तलम व लांब तंतूची, तर जरी आखूड व भरड तंतूची, पण लवकर तयार होणारी आणि अधिक रुई देणारी असल्यामुळे शेतकऱ्याने, आपल्या हिशेबाने अगदी योग्यच, जरीकडे ओढा धरला, आणि विलायती व्यापाऱ्यांची तक्रार सुरू झाली. ढिगातून चिमूटभर रुई उचलायची, दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये धरून ती पुनःपुन्हा ओढायची, तंतू समांतर झाले की त्यांच्यावर नजर टाकून लांबी सांगायची, ही पारख्याची विद्या वऱ्हाडच्या बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आणि आज ते काम यंत्रे करीत असली तरी हमीभावाचे कोष्टक अजूनही तंतूच्या लांबीवर आणि मायक्रोनेअर या तलमपणाच्या मापावरच आधारलेले आहे.

परंतु प्रत्येक तंतूच्या आत आणखी एक लांबी असते. ती डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्यांना जाणवत नाही, हमीभावाच्या कोष्टकात तिला रकाना नाही. आणि तरीही कापूस हा कापूस का आहे, त्याचे सूत का होते, धोतर वर्षानुवर्षे का टिकते आणि एक दिवस का विरते, याचे उत्तर बव्हंशी त्या लांबीतच दडलेले आहे. वऱ्हाडात जन्मलेल्या प्रत्येक सुशिक्षित माणसाला या दुसऱ्या लांबीची ओळख असावी असे मला मनापासून वाटते.

कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरील एकच पेशी. फूल उमलते त्या दिवसाच्या आसपास ही पेशी वाढू लागते आणि सुमारे तीन आठवड्यांत, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी जाडी कायम ठेवून, पंचवीस-तीस मिलिमीटरपर्यंत लांब होते. पिकून वाळलेल्या तंतूचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग सेल्युलोज या एकाच पदार्थाचा असतो. 1838 मध्ये आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने वनस्पतींच्या पेशीभित्तिकांतून हा पदार्थ वेगळा काढला आणि त्याचे घटक पिष्टाच्या घटकांशी जुळतात असे दाखविले. म्हणजे मूळ वीट एकच, ग्लुकोज. तीच साखर जी आपल्या रक्तातून फिरते. ग्लुकोजचे रेणू एकापुढे एक जोडले जाऊन त्यांची लांबच लांब साखळी तयार होते, आणि अशा साखळीला शास्त्रात बहुवारिक, किंवा आता सर्वांच्या तोंडी बसलेल्या शब्दात पॉलिमर, असे म्हणतात.

ही साखळी खरोखरच अखंड आणि लांब असते, ही गोष्ट आज शाळकरी मुलालाही सांगितली जाते. परंतु शंभर वर्षांपूर्वी तिच्यावरून युरोपातील विद्वानांत मोठा वाद माजला होता. रबर, सेल्युलोज, रेशीम हे पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे सैलसर पुंजके होत, असे बहुतेक थोर रसायनशास्त्रज्ञांचे मत होते, आणि 1920 मध्ये हेर्मान स्टाउडिंगर या जर्मन प्राध्यापकाने जेव्हा या पदार्थांत हजारो अणू खऱ्या रासायनिक बंधांनी जोडलेले असतात असे प्रतिपादन केले, तेव्हा त्याला फार थोड्यांचा पाठिंबा मिळाला. स्टाउडिंगरने चिकाटी सोडली नाही. साखळी जितकी लांब तितके तिचे द्रावण दाट, या संबंधाचा आधार घेऊन त्याने सेल्युलोजच्या साखळीतील घटकांची मोजदाद सुरू केली. आणि 1953 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. हा वाद ऐन रंगात आला असतानाच, 1924 मध्ये, मुंबईत माटुंगा येथे इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीची तंत्रशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली, आणि देशातील निरनिराळ्या जातींच्या रुईची कताईच्या कसोटीवर शास्त्रशुद्ध परीक्षा होऊ लागली. हीच संस्था आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे ‘सिरकॉट’, या नावाने ओळखली जाते.

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे वळू. पक्व तंतूच्या भित्तिकेचा जो जाड, आतला थर असतो, त्यातील एकेका साखळीत सुमारे 14,000 ग्लुकोजघटक असतात, असे 1960 च्या दशकात मारियान मार्क्स-फिजिनी आणि शुल्ट्झ यांनी केलेल्या मापनांतून दिसून आले. बाहेरच्या पातळ, आधी तयार होणाऱ्या थरात मात्र हा आकडा दोन ते सहा हजारांच्या घरात राहतो. साखळीत एका घटकाने व्यापलेली लांबी सुमारे अर्धा नॅनोमीटर असते. आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. चौदा हजारांचा गुणाकार केला की एका साखळीची लांबी सात मायक्रोमीटरच्या आसपास येते, म्हणजे पंचवीस मिलिमीटरच्या तंतूत अशा सुमारे साडेतीन हजार साखळ्या टोकाला टोक लावून बसाव्या लागतील. मात्र रुंदीच्या मानाने ही साखळी लांबीला हजारो पट भरते.

आता मुख्य प्रश्न असा की, लांबी वाढल्याने नेमके काय बदलते? ग्लुकोज पाण्यात विरघळते. दोन, तीन, चार घटकांच्या साखळ्याही विरघळतात. सहाच्या आसपास विद्राव्यता झपाट्याने घसरू लागते, आणि त्यापुढे गेलेल्या साखळ्या पाण्यात राहू इच्छित नाहीत. त्या एकमेकींच्या कुशीत शिरतात, ओळीने बसतात आणि त्यांचे स्फटिक तयार होतात. बाहेरून कोणी त्यांना हाताने मांडीत नाही. रेणूंनी आपणहून अशी सुबद्ध मांडणी स्वीकारण्याच्या या क्रियेला स्वयंरचना म्हणतात, आणि तिच्यातून उभ्या राहणाऱ्या आकृत्या काही नॅनोमीटर मापाच्या असतात.

हे का घडते याचा हिशेब समजावून घेण्यासारखा आहे. पाण्यात मोकळेपणी भटकणारा रेणू जेव्हा एखाद्या पुंजक्यात जाऊन स्थिरावतो तेव्हा तो आपले स्वातंत्र्य गमावतो, आणि निसर्गाच्या हिशेबात या स्वातंत्र्याला किंमत आहे. साखळी दोन घटकांची असो वा दोन हजारांची, भटकण्याचे हे स्वातंत्र्य तिला जवळजवळ एकदाच गमवावे लागते. याउलट शेजारच्या साखळीशी जुळून बसल्याने मिळणारा लाभ दर घटकामागे मिळत जातो. प्रत्येक घटकावरील तीन हायड्रॉक्सिल गट शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंध जुळवितात, आणि अशा बंधांनी तयार झालेले पापुद्रे एकमेकांवर चपखल बसतात. हा दर घटकामागचा लाभ अगदी अल्प असतो. गोधडीचा एकच टाका नखाने उसवता येतो, पण त्याच दोऱ्याचे शेकडो टाके ओळीने पडले की ती गोधडी तीन पिढ्यांच्या अंगावर राहते. साखळ्यांचेही तसेच आहे. घटकांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की साचलेला लाभ एकदाच द्यावयाच्या किमतीवर मात करतो, आणि म्हणूनच विरघळणे व स्फटिकणे यांच्यामधील सीमारेषा इतकी स्पष्ट दिसते.

जपानमधील संशोधकांनी या बाबतीत एक फार सुंदर गोष्ट दाखविली आहे. विकरांच्या साहाय्याने त्यांनी पात्रातल्या पात्रात सेल्युलोजच्या आखूड, सरासरी दहाएक घटकांच्या साखळ्या जोडल्या. त्या साखळ्या द्रावणातून बाहेर पडताना आपोआप पातळ पत्र्यांच्या रूपाने जमल्या, आणि त्या पत्र्यांची जाडी सुमारे पाच नॅनोमीटर भरली. दहा घटकांच्या साखळीची लांबीही तेवढीच! साखळ्या त्या पत्र्यात उभ्या राहिलेल्या असतात, त्यामुळे साखळीची लांबी हीच पत्र्याची जाडी होते. रेणूची लांबी आणि रचनेचे माप यांच्यातील नाते इतक्या उघडपणे दाखविणारे उदाहरण मला तरी दुसरे ठाऊक नाही.

वऱ्हाडच्या शिवारात मात्र याच नियमाचे एक भावंड शेजारच्या तासात उभे असते. कापसाच्या बरोबरीने आपल्याकडे ज्वारी पिकत आली, आणि ज्वारीच्या दाण्यातील पिष्ट हीदेखील ग्लुकोजचीच साखळी आहे. फरक एवढाच की पिष्टात घटकांच्या जोडणीचा कोन वेगळा असतो. त्या वेगळ्या कोनामुळे साखळी सरळ न राहता वळत जाते, आणि दोन साखळ्या एकमेकींभोवती वेटोळे घालतात. येथेही लांबीची अट आहेच. दहापेक्षा कमी घटकांच्या फांद्या स्वतःच्या बळावर असे दुहेरी वेटोळे घालून स्फटिकत नाहीत. दहाबारा घटकांच्या साखळ्या एका प्रकारची दाट मांडणी पसंत करतात, आणि त्याहून लांब असलेल्या दुसऱ्या, अधिक मोकळ्या मांडणीकडे झुकतात. तृणधान्यांत साधारणतः पहिली मांडणी आढळते, बटाट्यात दुसरी. पिष्टकणांत हे स्फटिकमय आणि विस्कळीत थर सुमारे नऊ नॅनोमीटरच्या अंतराने आलटूनपालटून रचलेले असतात. उकळत्या पाण्यात पीठ मळले की ही मांडणी मोडते आणि उंडा चिकट होतो. भाकरी थंड झाली की साखळ्या पुन्हा जुळू लागतात आणि शिळी भाकरी कडक होते. जी साखर कापसात वस्त्र झाली, तीच ज्वारीत अन्न झाली. आणि एकाच शेतकऱ्याने दोन्ही पिकविली.

परत कापसाकडे येऊ. दहा घटकांच्या साखळ्या आपणहून रांगेत बसतात हे खरे, पण चौदा हजार घटकांच्या साखळ्यांना तसे मोकळे सोडून दिले तर त्या अडकतात, गुंततात, आणि नीट जुळण्याआधीच त्यांचा गुंता थिजून जातो. लांबीने जुळण्याची ओढ वाढते, पण जुळण्याच्या वाटा मात्र बिकट होतात. हा लांबीचा दुसरा, उलट दिशेने काम करणारा परिणाम आहे. वनस्पतीने यावर जो तोडगा काढला आहे तो पाहून मन थक्क होते. पेशीच्या पटलात सहा पाकळ्यांच्या फुलासारखी दिसणारी प्रथिनांची एक सूक्ष्म यंत्रणा असते. तिचा व्यास सुमारे पंचवीस नॅनोमीटर, आणि 1980 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिचे चित्र प्रथम टिपले गेले. प्रत्येक पाकळीतून तीन याप्रमाणे अठरा साखळ्या तिच्यातून एकाच वेळी, एकाच दिशेने बाहेर पडतात, असे आज मानले जाते. त्या जन्मतःच शेजारी असल्यामुळे गुंतण्याची संधी मिळण्यापूर्वीच एकमेकींना बिलगतात, आणि त्यांचा तीन-चार नॅनोमीटर जाडीचा सूक्ष्मतंतू होतो. त्याच 1980 साली कँडेस हेगलर, ब्राउन आणि बेंझिमन यांनी सेल्युलोज निर्माण करणाऱ्या जिवाणूंवर एक प्रयोग केला: साखळ्यांना चिकटणारे एक रंगद्रव्य त्यांनी पाण्यात घातले, तेव्हा साखळ्या तयार होत राहिल्या, पण त्यांचे स्फटिक होणे थांबले. जोडणे आणि जुळणे या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत, हे त्यातून सिद्ध झाले. आणि ही यंत्रणा घडविणारी वनस्पतींमधील जनुके 1996 मध्ये प्रथम ओळखली गेली ती कापसाच्याच तंतूतून, हे वऱ्हाडी वाचकाला ऐकून समाधान वाटेल.

निसर्गाने घडविलेली ही एकदिश मांडणी एकदा विरघळवली की पुन्हा मिळत नाही. सेल्युलोज द्रावणात नेऊन परत जमविले, म्हणजे व्हिस्कोस रेयॉन करताना जसे करतात तसे केले, तर साखळ्या निराळ्याच, अधिक स्थिर अशा मांडणीत बसतात आणि तेथून माघारी फिरत नाहीत. शिवाय या प्रक्रियेत साखळीची लांबीही काहीशे घटकांपर्यंत खाली आणलेली असते. ओले झाले की रेयॉन दुबळे पडते आणि कापूस उलट अधिक बळकट होतो, या भेदामागे साखळीची लांबी आणि मांडणी ही दोन्ही कारणे आहेत.

भित्तिकेचा जाड थर बोंडात रोज थोडा थोडा चढत जातो. लॉरेन्स बॉल्स या शास्त्रज्ञाने 1919 मध्ये मिसरच्या कापसाच्या तंतूत दररोजच्या वाढीची वलये दाखवून दिली. रात्र थंड असली की सेल्युलोजचे काम मंदावते, दिवस तापला की वेग घेते. म्हणून एकेका तंतूच्या भित्तिकेत त्या त्या दिवसांच्या हवामानाची नोंद उमटलेली असते. दसऱ्याच्या पुढेमागे वऱ्हाडात जी बोंडे भरतात आणि फरदडीच्या रूपाने हिवाळ्यात जी उशिराने पिकतात, त्यांच्या रुईत पडणारा फरक अनुभवी शेतकऱ्याच्या बोटांना कळतो. त्याचे एक कारण या वलयांत आहे.

येथे आपण त्या ठिकाणी येऊन पोचतो, जेथे हा विषय केवळ कुतूहलाचा राहत नाही. बोंड फुटले, पांढरा कापूस पऱ्हाटीवर लोंबू लागला, आणि नेमका परतीचा पाऊस आला, म्हणजे काय होते हे अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलडाणा या जिल्ह्यांत कोणाला सांगावयास नको. ओल्या रुईवर बुरशी चढते, रंग मळतो, त्याची कवडी होते. पण रंग मळण्यापलीकडेही एक हानी होत असते. बुरशी आपल्या विकरांनी सेल्युलोजच्या साखळ्या मधोमध तोडते. चौदा हजारांची साखळी एका ठिकाणी तुटली तर तिचे सात-सात हजारांचे दोन तुकडे होतात. तंतूच्या वजनात कणभर घट होत नाही, अंगठ्यांनी मोजलेली लांबी तीच राहते, पण आतली लांबी निम्म्यावर आलेली असते. उन्हाचा दाह आणि हवेतील प्राणवायू हेही हेच काम संथपणे करतात. साखळ्या आखूड झाल्या की एका साखळीवरचा ताण शेजारच्या साखळीवर सोपविण्यासाठी लागणारी मिठी अपुरी पडते, आणि तंतू तुटू लागतो. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याच्या सुती तंबूंचा जो झपाट्याने नाश झाला, त्याला कारण असलेल्या बुरशीवर पुढे एल्विन रीस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तिला आज ट्रायकोडर्मा रीसेई हे नाव आहे, आणि सेल्युलोज तोडणारी विकरे तयार करण्याच्या साऱ्या उद्योगाचा पाया तिच्यावर उभा आहे.

ही आतली लांबी मोजण्याची रीत काही अगम्य नाही. 1857 मध्ये एदुआर्द श्वाइट्झर याने तांबे व अमोनिया यांच्या गर्द निळ्या द्रावणात कापूस विरघळतो असे शोधून काढले. त्या द्रावणाचा दाटपणा, म्हणजे श्यानता, एका बारीक काचनळीतून ते किती वेळात खाली उतरते यावरून काढता येतो, आणि स्टाउडिंगरच्या मार्गाने त्यावरून साखळीची सरासरी लांबी सांगता येते. कापड विरंजनात जास्त भाजले गेले आहे काय, याची तपासणी कापडगिरण्यांच्या प्रयोगशाळांतून दीर्घकाळ याच तऱ्हेने होत आली आहे.

आतापर्यंत साखळी तुटणे ही आपत्तीच मानली. पण माणसाने जाणूनबुजून, मोजूनमापून ती तोडली तर काय होते, ही कथेची दुसरी आणि अधिक नवी बाजू आहे. सूक्ष्मतंतूत बहुतेक भाग स्फटिकमय असला तरी मधून मधून काही जागा विस्कळीत असतात, आणि आम्ल प्रथम तेथेच शिरते. म्हणून आम्लाच्या प्रक्रियेत साखळीची लांबी आरंभी वेगाने घसरते आणि मग एका पायरीवर येऊन थबकते. कापसाच्या बाबतीत ही पायरी दोनशे-अडीचशे घटकांची असते. याच गुणाचा उपयोग करून अमेरिकेत बॅटिस्टाने 1950 च्या दशकात जी सेल्युलोजची सूक्ष्म स्फटिकी भुकटी तयार केली, ती आज औषधाच्या असंख्य गोळ्यांत भरण म्हणून वापरली जाते. आणि त्याच सुमारास स्वीडनमधील उप्साला येथे बेंग्ट रॉन्बीने तीव्र गंधकाम्लाचा उपयोग करून सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म काड्या पाण्यात तरंगत ठेवून दाखविल्या. कापसापासून मिळणाऱ्या अशा काड्या साधारणतः शंभर ते दोनशे नॅनोमीटर लांब आणि पाच ते दहा नॅनोमीटर जाड असतात. दोनशे घटकांना अर्ध्या नॅनोमीटरने गुणून पाहा, शंभर येतात. साखळीची लांबी आणि काडीची लांबी पुन्हा एकदा एकमेकींजवळ येऊन उभ्या राहतात.

या काड्यांचा पुढचा पराक्रम 1992 मध्ये माँट्रियल येथे रेव्होल, मार्शेसो, डेरेक ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसला. पाण्यातील काड्यांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की त्या अस्ताव्यस्त राहत नाहीत. थराथराने समांतर होतात, आणि प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित वळलेला असतो, त्यामुळे सर्व मिळून एक जिना तयार होतो. पाणी सुकवून त्यांचा पातळ पापुद्रा केला तर त्या जिन्याची उंची प्रकाशाच्या तरंगलांबीइतकी येऊ शकते, आणि रंगद्रव्याचा थेंबही नसताना पापुद्रा निळा, हिरवा, तांबूस चमकू लागतो. काही भुंग्यांच्या पाठीवर दिसणारी धातूसारखी चकाकी अशाच वळत्या मांडणीतून येते. काडी जितकी लांब आणि बारीक, तितक्या कमी प्रमाणात ही शिस्त अवतरते, हे लार्स ओन्सागरने 1949 मध्ये केवळ गणिताने सांगून ठेवले होते. यात ओढीपेक्षा जागेचा प्रश्न मोठा आहे: लांब काड्या आडव्यातिडव्या राहिल्या तर एकमेकींची जागा अडवितात, समांतर झाल्या तर प्रत्येकीला हालचालीला अधिक वाव मिळतो. शिस्तीतूनच मोकळीक मिळावी, हा निसर्गाच्या हिशेबातील एक विलक्षण प्रकार आहे.

कारखान्यांत घडविलेल्या पॉलिमरांनाही लांबीचा नियम चुकलेला नाही, त्याचा उल्लेख येथे थोडक्यात करतो. परस्परांशी न पटणाऱ्या दोन प्रकारच्या साखळ्या टोकाला टोक जोडून एकच साखळी केली, तर त्या दोघी वेगळ्या होऊ पाहतात पण बंधामुळे दूर जाऊ शकत नाहीत. परिणामी पदार्थात नॅनोमीटर मापाचे पट्टे, दंडगोल किंवा गोल आपोआप उमटतात. साखळी फार आखूड असेल तर हे विभाजन मुळीच होत नाही. एकमेकींविषयीची नावड आणि साखळीची लांबी यांचा गुणाकार सुमारे साडेदहाच्या वर गेला तरच ते सुरू होते, असे लुडविक लायब्लरने 1980 मध्ये समान भागांच्या साखळ्यांसाठी गणिताने दाखविले. आणि विभाजन पूर्ण झाल्यावर पट्ट्यांमधील अंतर लांबीच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते, म्हणजे साखळी आठपट लांब केली तर अंतर चौपट होते.

मुंबईच्या सिरकॉटने या सर्व ज्ञानाचा आपल्या मातीशी संबंध जोडला आहे. कापसापासून नॅनोसेल्युलोज तयार करण्याची पद्धत तेथे विकसित झाली आणि 2015 मध्ये त्यासाठीचा प्रायोगिक कारखानाही उभा राहिला. सूत होण्यास नालायक ठरलेली आखूड रुई, सरकीवर उरलेली लव, विणण्याला निरुपयोगी झालेला गिरणीचा कचरा, या सर्वांत सेल्युलोज तेच आहे, साखळ्याही पुरेशा लांब आहेत. आणि कागद, रंग, रबर, आवेष्टनाचे पापुद्रे यांना बळकटी देण्यासाठी या काड्यांचा व सूक्ष्मतंतूंचा उपयोग होतो, हे जगभरच्या प्रयोगांतून दिसून आले आहे. पऱ्हाटीच्या काड्या, ज्या आपल्याकडे बहुधा चुलीत किंवा धुऱ्यावर जळून जातात, त्यांतही सेल्युलोज भरपूर आहे. तेथे लिग्निन वेगळे काढण्याचा खर्च मात्र मध्ये येतो, आणि तो लपविण्यात अर्थ नाही.

मला जे तीव्रतेने वाटते ते याहून साधे आणि जवळचे आहे. पापळ या अमरावती जिल्ह्यातील गावी जन्मलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने 1969 मध्ये अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथे देशी आणि अमेरिकन कापसाच्या जातींवर दीर्घकाळ काम होत आले आहे, आणि पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात टिकणाऱ्या देशी वाणांची परंपरा तेथे जपली गेली आहे. अमरावतीस 1983 पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, आणि दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांतून रसायनशास्त्राचे विद्यार्थी दरसाल श्यानता मोजण्याचा प्रयोग करतात. तो प्रयोग त्यांनी बाटलीतून विकत आणलेल्या परक्या पॉलिमरवर करण्याऐवजी आपल्या गावच्या कापसावर करावा: एक नमुना पहिल्या वेचणीचा, एक पावसात भिजलेल्या कवडीचा, एक फरदडीचा, एक देशी वाणाचा आणि एक संकरित वाणाचा. तालुकावार अशी नोंदवही दहा वर्षे ठेवली गेली, तर कोणत्या आठवड्यातील पाऊस साखळी किती तोडतो, कोणता वाण ओल अधिक सोसतो, वेचणी किती दिवस लांबविली तर चालते, या प्रश्नांना प्रथमच अंकांत उत्तर मिळेल, आणि ते उत्तर बाजार समितीच्या दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल. त्यासाठी लागणारी काचनळी, वेळ मोजण्याचे घड्याळ आणि निळे द्रावण कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयाला परवडण्याजोगे आहे.